नाताळाच्या आधी लेकरांच्या घरी इंग्लंडला: खानदेशातून प्रथमच जाणाऱ्या आईवडिलांसाठी मार्गदर्शक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील अनेक घरांतली मुले आता इंग्लंडमध्ये नोकरीला आहेत आणि दिवाळी आटोपली की "आता थोडे दिवस इकडे या" असा त्यांचा आग्रह सुरू होतो. नातवंडांना नाताळाची सुटी असते, मुलांनाही थोडी सवड मिळते, म्हणून बहुतेक आईवडील नाताळाच्या अगदी तोंडावर जाण्याचे ठरवतात. माझे मत याच्या उलट आहे. ज्यांना प्रथमच जायचे आहे, त्यांनी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे पोहोचावे. नाताळाच्या दिवशी तो देश जवळजवळ पूर्ण बंद असतो आणि पुढचे एक-दोन दिवसही सुटीचेच जातात. दुकाने, आगगाड्या, डॉक्टरांचे दवाखाने यांपैकी काहीच नेहमीप्रमाणे चालू नसते. त्याआधी घराची, थंडीची आणि रस्त्यांची सवय झालेली असली, तर ते बंद दिवस घरच्यांसोबत आनंदात जातात. नाहीतर ते परक्या घरात अडकून पडल्यासारखे वाटतात.

पहिली पायरी: व्हिसा आणि कागदपत्रे

मुलांना भेटायला जाण्यासाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो आणि त्यावर साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येते. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचायचे असेल, तर गणपती आणि नवरात्राच्या दरम्यान अर्ज भरून मोकळे व्हावे, कारण बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात स्वतः जावे लागते आणि दिवाळीत त्या प्रवासाची तिकिटे मिळत नाहीत.

व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते: आपला तिथला खर्च कोण करणार, आणि आपण परत येणार हे कशावरून. पहिल्यासाठी मुलाचे किंवा मुलीचे निमंत्रणपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि घराचा करार जोडावा. दुसऱ्यासाठी आपल्याकडे सातबारा, निवृत्तिवेतनाचे कागद, घराची कर पावती आणि इथे मागे राहणाऱ्या कुटुंबाची माहिती असते. सातबारा मराठीत असतो, आणि इंग्रजी किंवा वेल्श सोडून इतर भाषेतील प्रत्येक कागदासोबत प्रमाणित भाषांतर द्यावे लागते. भाषांतरकाराने त्यावर आपले नाव, सही, तारीख आणि संपर्काचा तपशील लिहिलेला असला पाहिजे.

येथे एक गोष्ट फार जपून समजून घ्यावी. "नातवाला सांभाळायला चाललो आहोत" असे आपण गावात सहज म्हणतो, पण व्हिजिटर व्हिसावर कोणतेही काम करता येत नाही, आणि मूल सांभाळण्यासाठीच आणलेली व्यक्ती असा समज झाला, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो किंवा विमानतळावर अडचण येऊ शकते. आजीने नातीला खेळवणे किंवा जेवू घालणे याला कोणाचीही हरकत नसते. प्रवासाचा हेतू कुटुंबाची भेट हाच असला पाहिजे, आणि तो खराच तसा असतो. तेव्हा अर्जात आणि विमानतळावर तेवढेच सरळ सांगावे.

दुसरी पायरी: इथला संसार मार्गी लावणे

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी नोव्हेंबर महिना महत्त्वाचा असतो, कारण हयातीचा दाखला याच महिन्यात द्यायचा असतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्या निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेली कितीतरी मंडळी आपल्या भागात आहेत. त्यांनी आणि निवृत्त शिक्षकांनी निघण्यापूर्वी हा दाखला जमा करून त्याची पोच जपून ठेवावी. "तिथून मोबाईलवर करू" असे म्हणून ते काम पुढे ढकलू नये.

ज्यांची शेती आहे त्यांची अडचण मोठी असते, कारण नेमके याच दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, हरभरा आणि गहू उभे असतात आणि केळीला पाणी द्यायचे असते. भावाला किंवा पुतण्याला "लक्ष ठेव" एवढे सांगून निघू नये. कापूस केव्हा आणि कोणाला द्यायचा, मजुरीचे पैसे कुठून काढायचे, रब्बीची ई-पीक पाहणी कोणी करायची, हे सगळे एका वहीत लिहून त्याच्या हाती द्यावे. तिथे बसून रोज फोनवर शेताची काळजी करत राहिलेल्या माणसाचे मन घरात रमत नाही, आणि मुलांनाही आपण यांना उगीच बोलावले असे वाटू लागते.

बँकेचे ओटीपी इथल्याच मोबाईल क्रमांकावर येतात, म्हणून त्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे आणि तो क्रमांक बंद पडू देऊ नये.

तिसरी पायरी: औषधे आणि विमा

इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा तिथल्या रहिवाशांना मोफत असते, पाहुण्यांना ती पूर्णपणे मोफत नसते. अपघात व तातडीच्या विभागातील उपचारांचे पैसे घेत नाहीत, पण तिथून वॉर्डात दाखल केले की त्या क्षणापासून खर्च सुरू होतो आणि पाहुण्यांकडून तो ठरलेल्या दराच्या दीडपट आकारला जातो. हृदयविकार किंवा खुब्याचे हाड मोडणे यांसारख्या प्रसंगी ही रक्कम आपल्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून प्रवासविमा घ्यावाच, आणि तो घेताना मधुमेह, रक्तदाब, आधीची शस्त्रक्रिया यांतले काहीही लपवू नये. लपवलेल्या आजारावरचा दावा विमा कंपनी नाकारते.

औषधे संपूर्ण मुक्कामाची आणि वर आणखी तीन आठवड्यांची घ्यावीत. ती मूळ वेष्टनातच ठेवावीत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घेताना औषधाच्या ब्रँडच्या नावासोबत त्यातील मूळ घटकाचे नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे तिथल्या औषधविक्रेत्याला माहीत नसतात. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे, विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकते. प्रतिजैविके तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि पॅरासिटामॉलसुद्धा साध्या दुकानात एका वेळी सोळा गोळ्यांची दोनच पाकिटे देतात. डिसेंबर हा तिथे फ्लूच्या साथीचा काळ असतो, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारून निघण्याच्या दोन आठवडे आधी लस घ्यावी.

चौथी पायरी: बॅग भरणे

याच ठिकाणी खानदेशी आईचे मन सर्वांत जास्त ओढ घेते, म्हणून नियम स्पष्ट सांगतो. भारतातून जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. घरचे तूप, पेढे, खवा, बासुंदी हे सगळे त्यात आले. ताज्या भाज्या, कढीपत्ता, कोथिंबीर आणि पेरण्याचे बी हेही नेऊ नये. जळगावच्या भरिताच्या वांग्यांचा मोह अनेकांना होतो. पण भारतीय मालात फळमाशीसारख्या किडी सापडल्यामुळे २०१४ साली युरोपीय संघाने (ब्रिटन तेव्हा त्यात होता) हापूससह सर्व आंब्यांवर आणि चार भाज्यांवर बंदी घातली होती, आणि त्या चार भाज्यांत वांगेही होते. ती बंदी पुढे उठली, तरी ताज्या मालासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि ते प्रवासी आपल्या पिशवीत घेऊन फिरत नाही.

आता काय न्यावे ते पाहू. कळण्याचे पीठ, ज्वारीचे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, तिखट शेव आणि केळीचे वेफर्स हे कोरडे पदार्थ नेता येतात. सगळे नीट बंद करून त्यावर पदार्थाचे नाव इंग्रजीत लिहावे. लोणचे चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत घालून न्यावे. हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालेल असे गृहीत धरू नये. ज्वारीचे पीठ लेस्टर, वेम्बली, साउथॉल अशा ठिकाणच्या भारतीय दुकानांत सहज मिळते, म्हणून त्याचे ओझे वाहू नये. कळण्याचे पीठ मात्र मिळणे कठीण, त्याला जागा ठेवावी.

कपड्यांबाबत एवढेच लक्षात ठेवावे की आपली थंडी कोरडी आहे आणि तिथली ओली. जळगावात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, पण दुपारी ऊन असते. लंडनला दुपारीसुद्धा तो सरासरी आठ-नऊ अंशांवरच असतो, त्यात पाऊस आणि वारा. एका जाड स्वेटरपेक्षा आत थर्मल, त्यावर लोकरी, आणि वर पाणी न झिरपणारे जाकीट असे तीन थर उपयोगी पडतात. साडी नेसणाऱ्या आयांनी आतून थर्मलची पँट आणि पायांत लोकरी मोजे घालावेत आणि साडी घोट्यापर्यंतच नेसावी, म्हणजे ओल्या रस्त्यावर काठ भिजत नाहीत. चप्पल-सँडल घरात वापरण्यासाठीच, बाहेर रबरी तळाचे बंद बूट हवेत, कारण पहाटे पदपथावर साचलेला पातळ बर्फ डोळ्यांना दिसत नाही. हे बूट इथेच घेऊन महिनाभर वापरून सैल करावेत.

सोन्याचे दागिने घरीच ठेवावेत. मंगळसूत्र आणि रोजच्या अंगावरच्या दोन वस्तू पुरेशा आहेत. तिथली विजेची खाच तीन चौकोनी पिनांची असते, आपला प्लग तिच्यात बसत नाही, म्हणून अडॅप्टर सोबत ठेवावा.

पाचवी पायरी: घर ते विमानतळ

डिसेंबरमध्ये उत्तरेकडे धुके पडते आणि तिकडून भुसावळमार्गे मुंबईला येणाऱ्या गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. म्हणून विमानाच्या आदल्या रात्रीच्या गाडीवर भरवसा न ठेवता एक दिवस आधी मुंबईला मुक्काम करावा, किंवा आपल्याच भागातून सुटणारी गाडी निवडावी. धुळेकरांना मुंबई-आग्रा महामार्गाचा आणि नंदुरबारकरांना सुरतकडच्या मार्गाचा पर्याय असतो, पण एक दिवस हातात ठेवण्याची सूचना त्यांनाही लागू आहे.

गुडघे दुखत असतील, तर चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवावी. यात संकोच करू नये, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर खूप चालावे लागते. थेट विमानानेही साधारण दहा तास लागतात, तेव्हा दर तासा-दीड तासाने उठून चार पावले टाकावीत. मुलाचा पत्ता, फोन आणि परतीच्या तिकिटाची प्रत कागदावर जवळ असावी, मोबाईलची बॅटरी संपली तरी तो कागद उपयोगी पडतो. अधिकारी विचारतो ते थोडेच असते: कोणाकडे, किती दिवस, परत केव्हा. इंग्रजी जमत नसेल तर "मराठी, इंटरप्रिटर प्लीज" एवढे म्हणावे. दुभाष्याची मदत मागणे यात कमीपणा नाही.

सहावी पायरी: घरातला पहिला आठवडा

पहिल्या दिवशी मुलाकडून किल्लीचा व्यवहार समजून घ्यावा. तिथले पुढचे दार ओढले की आपोआप बंद होते आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला किंवा शेजाऱ्याला हाक मारायला म्हणून शालीवर बाहेर गेलेला माणूस तीन अंशांच्या थंडीत दाराबाहेर उभा राहतो आणि मुले कामावर असतात. किल्ली गळ्यातल्या दोरीला बांधावी.

न्हाणीघराच्या फरशीला तिथे बहुधा मोरी नसते. पाणी फक्त टबात किंवा शॉवरच्या कोपऱ्यात सांडायचे, नाहीतर ते खालच्या मजल्याच्या छतातून झिरपते. बादली-तांब्याने अंघोळ करायची सवय असेल तर बादली टबात ठेवावी आणि पायाखाली रबरी चटई असावी. टबातून पाय उचलून बाहेर येताना ज्येष्ठ माणसे घसरून पडतात, त्यामुळे पकडायला दांडा नसेल तर पहिले काही दिवस दार आतून लावून घेऊ नये.

स्वयंपाकघरात किंवा त्याच्या जवळपास धुराची सूचना देणारा भोंगा असतो. आपली लसूण-मिरचीची फोडणी, काळ्या मसाल्याचा ठसका आणि देवापुढची उदबत्ती या तिन्हींनी तो वाजतो. घाबरू नये, खिडकी उघडावी, पंखा लावावा आणि भोंग्याखाली टॉवेलने वारा घालावा. फोडणीपूर्वीच चुलीवरचा पंखा लावण्याची सवय झाली की हा प्रश्न मिटतो. निरांजन मात्र पेटते ठेवून खोलीबाहेर जाऊ नये, कारण घरात लाकूड आणि गालिचे फार असतात.

घर तापवणारे रेडिएटर वेळेनुसार चालू-बंद होतात. मुले खर्चाकडे पाहून दिवसा ते बंद ठेवत असतील तर आईवडील संकोचाने गप्प बसतात आणि थंडीत कुडकुडतात. असे करू नये. तिथली आरोग्य यंत्रणाच घर किमान अठरा अंश उबदार ठेवायला सांगते, आणि वयस्क माणसांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. आपण बसतो तेवढी एक खोली तापवायला मुलांना मोकळेपणाने सांगावे.

सगळ्यांत अवघड असतो तो अंधार. डिसेंबरच्या मध्यात लंडनला सूर्य आठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. आपल्याकडे पावणेसहापर्यंत उजेड असतो. मुले अंधारात निघतात, अंधारात परततात, आणि त्यांच्या कचेरीत नाताळापूर्वी कामाची सर्वांत मोठी घाई असते. घरी एकटे बसलेल्या आईवडिलांना दुपारी चारलाच दिवस संपल्यासारखा वाटतो. यावर उपाय एकच: अकरा ते दोनच्या दरम्यान, पाऊस नसेल तेव्हा, रोज बाहेर पडणे. जवळची बाग, ग्रंथालय, भाजीचे दुकान असा एकच रस्ता आधी मुलांसोबत दोनदा चालून पक्का करावा. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, म्हणून कार्ड जवळ ठेवावे. घरी फोन सकाळी करावा. तिथले नऊ म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच. तिथे संध्याकाळी आठवण येते तेव्हा गाव झोपलेले असते.

दिवसाचे एखादे काम आपल्या अंगावर घ्यावे. नातवंडांशी अहिराणीत बोलावे; आईबाप घाईत इंग्रजीकडे वळतात, आजीकडे वेळ असतो. याच काळात मार्गशीर्ष सुरू असतो. गुरुवारचे व्रत, चंपाषष्ठी, सारंगखेड्याची यात्रा भरते ती दत्तजयंती, हे सगळे तिथल्या घरातही करता येते. चंपाषष्ठीचे भरीत करायचे झाल्यास कपाशीच्या काड्यांचा धूर मिळणार नाही, पण तिथली मोठी जांभळी वांगी काट्याने टोचून, तेलाचा हात फिरवून, ओव्हनमध्ये २२० अंशांवर पाऊण तास ठेवली की मऊ भाजली जातात. टोचायला विसरू नये, नाहीतर ती आत फुटतात. पुढे हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात नेहमीप्रमाणे, आणि सोबत आपण नेलेल्या पिठाची कळण्याची भाकरी.

सातवी पायरी: नाताळात सहभागी होणे

एक डिसेंबरपासून नातवंडे छोट्या खिडक्यांचे कॅलेंडर रोज एक खिडकी उघडून मोजतात. झाडाखाली गुंडाळून ठेवलेल्या भेटवस्तू २५ तारखेच्या सकाळपर्यंत उघडायच्या नसतात, आपण आणलेलीही तशीच गुंडाळून ठेवावी. प्राथमिक शाळांत येशूजन्माचे नाटुकले होते. त्याच्या जागा मर्यादित असतात, म्हणून तारीख आधीच विचारून ठेवावी आणि फोटो काढण्यापूर्वी शाळेचा नियम पाहावा. शेजाऱ्यांना शुभेच्छापत्र द्यावे, सोबत केळीच्या वेफर्सचे पाकीट दिले तर ओळख लवकर होते. लंडनजवळ राहणाऱ्यांनी ट्रॅफल्गार चौकातील उंच झाड अवश्य पाहावे. दुसऱ्या महायुद्धातील मदतीची कृतज्ञता म्हणून नॉर्वे ते १९४७ पासून दरवर्षी पाठवतो. मराठी माणसे भेटावीत असे वाटले, तर १९३२ साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ आहे.

माळकरी आणि शाकाहारी मंडळींनी खाण्याबाबत जागरूक राहावे. मिन्स पाय हा आता सुक्या मेव्याचा गोड पदार्थ असला, तरी त्यात आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये गुरांची चरबी असू शकते, आणि पुडिंगमध्ये ब्रँडीही असते. भाजलेले बटाटे पुष्कळदा हंसाच्या चरबीत भाजतात. जेली आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन असते. आपल्यासारखा हिरवा ठिपका तिथे सक्तीचा नाही, म्हणून पाकिटावर "सुटेबल फॉर व्हेजिटेरियन्स" हे शब्द शोधावेत. अंडे त्यात चालते असे ते धरतात. अंडे वर्ज्य असेल तर घटकांच्या यादीत 'एग' पाहावे, तो शब्द कायद्याने ठळक छापलेला असतो. कोणाकडे जेवायला बोलावले असेल, तर मांस, मासे, अंडे आणि प्राण्यांची चरबी नको, असे आधीच नीट कळवावे. यजमानाला ते आवडते, ऐनवेळी ताट नाकारलेले त्यांना लागते.

२४ तारखेच्या दुपारपर्यंत दूध, भाजी, पीठ आणि औषधे घरात असली पाहिजेत. २५ डिसेंबरला इंग्लंडमध्ये मोठी दुकाने २००४ च्या कायद्यानुसार बंद असतात, लंडनची बस आणि भुयारी रेल्वे चालत नाही, आणि देशभरातील आगगाड्याही जवळजवळ सगळ्या थांबतात. २६ तारखेलाही सुटी असते. या दोन दिवसांत साधे दुखणे आले तर १११ या क्रमांकावर सल्ला मिळतो आणि जिवावरचा प्रसंग असेल तर ९९९ लावायचा. दोन्ही क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरांत, घराच्या पूर्ण पत्त्यासह लिहून ठेवावेत, कारण घाबरलेल्या माणसाला पिनकोड आठवत नाही.

परतीचे तिकीट नव्या वर्षाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतले शक्यतो घेऊ नये. तेव्हा सुटीवरून परतणाऱ्यांची गर्दी असते आणि भाडेही जास्त असते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातले तिकीट बरे पडते, आणि तरीही संक्रांतीला घरी पोहोचता येते.